शंकेची गाडी आणि आपलं भांडवल: "बहुतेक काही नसेल" या वाक्याची किंमत



या आठवड्याचा व्हिडिओ जुनं मशीन घेताना काय बघायचं यावर होता. त्यात एक गोष्ट वेळेअभावी राहून गेली. ती गाडीची आहे, तीही आपल्याकडे कंपनीने कधी न विकलेल्या गाडीची. पण शेवटपर्यंत वाचा. तुम्ही पिठाची गिरणी घेणार असाल, डीप फ्रीझर घेणार असाल किंवा जुना टेम्पो, हिशोब तोच आहे.

माझा आत्तेभाऊ न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असतो. सव्वीस वर्षांचा आहे, एका गोदामात नोकरी करतो. दोन वर्षं डबे खाऊन त्याने ९,००० डॉलर बाजूला टाकले, ते तिथल्या नाईट मार्केटमध्ये वडापावचा स्टॉल लावायचा म्हणून. आम्ही दोघांनी त्याचा कागदावर हिशोबही केला होता. कढई, गॅस, तंबू, कौन्सिलची नोंदणी, पहिल्या दोन महिन्यांचं भाडं, सगळं त्यात होतं.

एका रात्री त्याचा फोन आला. "दादा, एक गाडी मिळतेय. माझदा आरएक्स-८. चांगल्या गाडीला दहा हजार डॉलर मिळतात, हा साडेसहाला देतोय. थोडं काम करायचं, तीन महिन्यांत विकायची. स्टॉलचं भांडवल वाढेल."

मी विचारलं, "स्वस्त का देतोय?"

"गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला थोडी कुरकुर करते. तो म्हणतो बॅटरी असेल, नाहीतर कॉइल. बहुतेक काही नसेल."

"बहुतेक काही नसेल" या तीन शब्दांवर आज मला बोलायचंय.

हे इंजिन वेगळं का आहे

मी गाडीचा मेकॅनिक नाही. माझं दुकान पॅकिंग मटेरियलचं. पण त्या फोननंतर मी आठवडाभर याच विषयात होतो, कारण मला "नको घेऊस" एवढंच सांगायचं नव्हतं. कारण न देता नको म्हटलं तर धाकटा भाऊ ऐकत नाही, आणि त्याने ऐकूही नये.

आपल्या ओळखीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरी इंजिनात पिस्टनच नसतो. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर असतो आणि तो एका लंबगोल घरात फिरतो. त्या घराला हाउसिंग म्हणतात. रोटरच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, जळणं, धूर बाहेर जाणं, सगळं त्या कप्प्यांतच होतं. व्हॉल्व्ह नाहीत, भाग कमी, आकार छोटा आणि पळायला एकदम गुळगुळीत. आरएक्स-८ मध्ये असे दोन रोटर आहेत आणि इंजिन १,३०८ सीसीचं आहे.

आता यातली ग्यानबाची मेख. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते, अ‍ॅपेक्स सील. ती सतत भिंतीला घासत फिरते आणि एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात जाऊ देत नाही. दोन रोटर म्हणजे अशा सहा पट्ट्या. पट्टी झिजली, अडकली किंवा तुटली की दाब गळतो. दाब गळला की इंजिन सुरू व्हायला त्रास, ताकद कमी, पेट्रोल जास्त. तुटलेला तुकडा आत फिरला तर रोटर आणि हाउसिंग दोन्ही ओरबाडून काढतो.

गंमत म्हणजे हे इंजिन मुद्दाम थोडं ऑईल जाळतं. त्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून आत थोडं थोडं ऑईल सोडायची व्यवस्थाच केलेली आहे. म्हणजे मालकाने ऑईल वरचेवर बघायचं आणि भरायचं असतं. आधीच्या मालकाला हे माहीत नसेल, तर त्याच्या आळसाचं बिल पुढचा मालक भरतो.

एका पट्टीने दोन कंपन्यांचं नशीब ठरवलं

आपण धंद्याची माणसं आहोत, म्हणून ही गोष्ट सांगतो.

हे इंजिन जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलं आणि एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीने त्यावर काम केलं. १९६१ मध्ये जपानच्या हिरोशिमातल्या माझदाने, तेव्हाचं नाव टोयो कोग्यो, एनएसयूकडून परवाना घेतला. परवाना मिळाला, सोबत दुखणंही आलं. पट्ट्या थरथरत आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उठत. तिथल्या लोकांनी त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचे व्रण असं नाव ठेवलं होतं. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनीअर त्याच कामाला लावले गेले. शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र करून केलेली पट्टी चालली आणि १९६७ मध्ये माझदाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, बाजारात आली.

त्याच १९६७ सालात एनएसयूने आरओ-८० ही गाडी आणली. गाडी काळाच्या पुढची होती, १९६८ चा युरोपातला कार ऑफ द इयर किताब तिला मिळाला. पण सुरुवातीच्या गाड्यांची इंजिनं लवकर झिजायला लागली. वॉरंटीमध्ये इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

माझदाने पुढे याच प्रकारच्या इंजिनावर १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तरीही आरएक्स-८ च्या वेळी अमेरिकेत माझदाला इंजिनच्या मुख्य भागाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १,००,००० मैल करावी लागली. २०१२ मध्ये ही गाडी बनवणं बंद झालं.

आता विचार करा. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या, ज्यांच्याकडे कारखाना, इंजिनीअर, पैसा सगळं होतं, त्यांनाही या पट्टीने घाम फोडला. आणि माझा भाऊ ९,००० डॉलर घेऊन म्हणतोय, बहुतेक काही नसेल.

शंका तपासता येते, पण योग्य हत्याराने

विकणारा खोटंच बोलत होता असं मी म्हणत नाही. बॅटरी कमजोर असेल, स्टार्टर हळू फिरत असेल, कॉइल किंवा प्लग गेले असतील, तरी ही गाडी सुरू व्हायला त्रास देते. थंड इंजिन सुरू करून गाडी चार फूट सरकवली आणि लगेच बंद केली, तर पेट्रोलने प्लग भिजूनही ती अडते. ही सगळी स्वस्तातली कारणं आहेत, आणि सील जाणं हे महागातलं. लक्षण मात्र एकच. म्हणूनच शंका धोकादायक असते. विकणारा स्वस्त कारण सांगतो आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं.

यातला फरक ओळखायच्या दोन पायऱ्या मी भावाला सांगितल्या.

पहिली फुकटची. गाडी वीसेक मिनिटं चालवायची, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं. मग बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. थंड असताना ऑईल घट्ट असतं, ते थोड्या फटी झाकून नेतं. गरम झाल्यावर झाकपाक उघडी पडते.

दुसरी पैसे देऊन. रोटरीची कॉम्प्रेशन टेस्ट. इथे एक मोठी फसगत होते. साधं कॉम्प्रेशन गेज लावलं तर ते तीन कप्प्यांपैकी सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा धरून बसतं. म्हणजे तीन भावांपैकी एक शिकलेला आणि सगळं घर शिकलेलं, असं झालं. रोटरीसाठी वेगळं मीटर असतं, ते प्रत्येक रोटरचे तीन, म्हणजे एकूण सहा आकडे देतं. स्टार्टर किती वेगाने फिरत होता तेही बघावं लागतं, कारण जोरात फिरणारा स्टार्टर कमी दाबही झाकतो. म्हणून आकडे २५० आरपीएमच्या मापाला आणून वाचतात. या इंजिनाला किमान ६८० किलोपास्कल हवेत, आणि एका रोटरच्या तीन आकड्यांत फार तफावत नको.

आणखी एक. तिथे गाड्यांना डब्ल्यूओएफ नावाची तपासणी लागते. भाऊ म्हणाला, "दादा, डब्ल्यूओएफ नवीन आहे." मी म्हटलं, ती ब्रेक, टायर, दिवे, गंज बघते. इंजिन किती दिवस टिकेल ते बघत नाही. आपल्याकडेही असंच चालतं. "पासिंग आत्ताच झालंय", "इन्शुरन्स चालू आहे" हे ऐकून आपण खूश होतो. कागद चांगले असणं आणि इंजिन चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात.

हिशोब: सरासरी दहा गाड्यांना चालते, एका गाडीला नाही

भावाने मला एक हिशोब पाठवला. हुशार आहे तो. असा होता:

गाडी ६,५०० ला. इंजिन उघडून पूर्ण काम करायचं झालं तर धरू ६,०००. पण सील गेलंच असेल असं नाही, शक्यता अर्धी. म्हणजे खर्च सरासरी ३,०००. एकूण ९,५००. गाडी विकेल १०,००० ला. फायदा ५००, नशीब साथ देईल तर ३,५००.

कागदावर हे बरोबर दिसतं, पण यात तीन भोकं आहेत.

पहिलं भोक. ३,००० चा खर्च प्रत्यक्षात कधीच होणार नाही. एक तर शून्य होईल, नाहीतर ६,०००. जो दहा गाड्या घेतो त्याची सरासरी निघते. पाच खराब निघाल्या तर पाच चांगल्या त्याला सांभाळून घेतात. तू एकच घेणार आहेस. एका गाडीला सरासरी नसते.

दुसरं भोक. खराब निघाली तर लागतील १२,५००. तुझ्याकडे आहेत ९,०००. म्हणजे तोटा कागदावर २,५०० दिसतो, पण प्रत्यक्षात तू मध्येच अडकशील. इंजिन उघडलेलं, गाडी गॅरेजमध्ये, पैसे संपलेले. उघड्या इंजिनाची गाडी कोण घेणार? तेव्हा जाणार आहे ते सगळं भांडवल, आणि त्याबरोबर स्टॉल.

तिसरं भोक सगळ्यात मोठं, आणि ते मी बीबीएला असताना शिकलो होतो. तेव्हा फक्त परीक्षेपुरतं. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला, आणि त्याच विषयातल्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा साधा आहे: विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे चांगल्या गाडीचा मालक पडत्या भावात विकायला येत नाही, आणि बाजारात वाईट गाड्या जास्त उरतात.

आता हे आपल्या सौद्याला लावा. टेस्टचा खर्च तिथे दीडशे-दोनशे डॉलर. रिपोर्ट चांगला आला तर गाडी साडेसहाची दहा हजाराला जाईल. दोनशे घालून साडेतीन हजार मिळत असताना विकणाऱ्याने टेस्ट का केली नाही? एक तर त्याला माहीत नाही, नाहीतर त्याने केलीय आणि तो सांगत नाही. दोन्ही धरले तर "शक्यता अर्धी" राहत नाही. पारडं वाईटाकडे झुकतं.

माझा टेम्पो

तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही फार शहाणे. नाही हो. हे शहाणपण विकत घेतलेलं आहे.

दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. द्रोण, पत्रावळी, पेपर कप, पार्सलचे डबे हॉटेलांना पोचवायचो. रिक्षाचं भाडं परवडेना म्हणून जुना छोटा टेम्पो बघितला. एजंटने सांगितलेला भाव १,४५,०००. माझ्यासोबत आलेल्या मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि म्हणाला, "शेठ, पाणी खातेय असं वाटतं. हेड गॅस्केटचं काम निघू शकतं." एजंट लगेच म्हणाला, "छे हो, होज पाईप ढिला आहे. बहुतेक काही नसेल. चला, दहा हजार कमी करतो."

मी खूश झालो. मला वाटलं मी दहा हजार कमावले.

तिसऱ्या महिन्यात, ऐन लग्नसराईत, चढावर गाडी गरम होऊन बंद पडली. हेड वाकलं होतं, आणि उघडल्यावर पुढचंही काम निघालं. ५८,००० रुपये आणि तेवीस दिवस. पैसे मित्राकडून घेऊन भरले, ते फेडलेही. पण त्या तेवीस दिवसांत माझं सगळ्यात मोठं हॉटेल दुसऱ्या माणसाकडून माल घ्यायला लागलं, आणि ते आजपर्यंत परत आलेलं नाही. मालक रस्त्यात भेटतो, चहा पाजतो, ऑर्डर देत नाही.

मी तेव्हा काय चुकलो? जुनी गाडी घेतली ही चूक नव्हती. तिच्यात दोष होता हीही नव्हती. मेकॅनिकने शंका सांगितली आणि मी त्या शंकेवर फक्त दहा हजार कापून घेतले, ही चूक होती. साठ हजारांचं काम मी दहा हजारांत स्वतःच्या डोक्यावर घेतलं. एजंटने मला फसवलं असं मी खूप दिवस सांगत फिरायचो. आता सांगत नाही. मेकॅनिक माझ्या शेजारी उभा राहून बोलला होता.

मग जुनं घ्यायचंच नाही का?

घ्यायचं. मी स्वतः घेतो. दुकानातलं सीलिंग मशीन जुनं आहे, वजनकाटा जुना आहे. नव्याच्या नादात कर्ज काढून बसलेली माणसंही मी भरपूर बघतो. आणि दोष असलेली वस्तू घेऊन कमावणारेही आहेत. न्यूझीलंडमध्ये रोटरीचे वेडे लोक खूप आहेत. ज्याच्याकडे स्वतःचं गॅरेज आहे, जो इंजिन स्वतः उघडतो, ज्याच्या फळीवर दोन जुनी हाउसिंग पडून आहेत, त्याला ती गाडी साडेसहालाही कदाचित परवडेल. तेच काम त्याला अर्ध्यात पडतं.

माझं मत एवढंच: शंकेला स्वतःचा भाव नसतो. एक तर ती तपासून मिटवा, नाहीतर दोष पक्का आहे असं धरून भाव सांगा. तिसरा रस्ता, म्हणजे "शंका आहे म्हणून थोडं कमी करा", हा विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे.

भावाच्या गाडीला हेच लावलं तर: चांगल्या गाडीचे १०,०००, त्यातून इंजिनचे ६,००० वजा, आणि आपला वेळ, धावपळ, आणखी काही निघालं तर म्हणून १,५०० वजा. उरले २,५००. टेस्ट न करता घ्यायची असेल तर भाव २,५००. विकणारा हसेल. हसू दे. हसण्याचे पैसे लागत नाहीत.

तुम्ही काहीही जुनं घेणार असाल, तर या पाच गोष्टी वहीत लिहून घ्या:

१. सगळ्यात महागडा दोष आधी शोधा. प्रत्येक वस्तूत एक "पट्टी" असते, जी गेली की वस्तूच गेली. डीप फ्रीझरमध्ये कॉम्प्रेसर, झेरॉक्स मशीनमध्ये ड्रम आणि फ्युजर, डिझेल टेम्पोत हेड आणि इंजिन. रंग, सीट, बाहेरची पॉलिश नंतर बघा.

२. विकणाऱ्याच्या सोयीच्या वेळी बघू नका. रोटरी गरम करून बघायची, तर डिझेल गाडी सकाळी थंड इंजिनावर. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल तर विचारा, का गरम आहे? फ्रीझर रिकामा बघू नका, पाण्याच्या बाटल्या भरून चार तास चालवा.

३. तपासणारा माणूस आणि हत्यार त्याच कामाचं हवं. साधं गेज रोटरीला चालत नाही. ओळखीचा मेकॅनिक चांगला माणूस असतो, पण तो त्या मशीनचा जाणकार आहे का? तपासणीचे पैसे द्या. फुकट मत देणाऱ्याला जबाबदारी नसते.

४. टेस्टला नकार हेच उत्तर समजा. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणाला तर शांतपणे सांगा, विश्वास आहे म्हणूनच टेस्टचे पैसे मी देतो.

५. सगळ्यात वाईट झालं तर काय, हा आकडा आधी लिहा. तो तुमच्या हातातल्या पैशापेक्षा मोठा असेल तर सौदा कितीही गोड असो, तुमचा नाही. तो दुसऱ्या कोणाचा असेल.

आणि कागद विसरू नका. आपल्याकडे आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तो उतरल्याची बँकेची एनओसी आहे का, हे आधी. ऑकलंडमध्येही गाडीवर कर्ज आहे का ते सरकारी नोंदणीत बघता येतं. तिथे दुकानदाराकडून गाडी घेतली तर ग्राहक कायद्याचं संरक्षण असतं, खाजगी माणसाकडून घेतली तर तेवढं नसतं. भाऊ खाजगी माणसाकडून घेत होता.

शेवटी काय झालं

विकणारा टेस्टला तयार झाला, हे त्याचं चांगलं. भावाने १८० डॉलर भरले. पुढच्या रोटरचे आकडे ७२०, ७१०, ७००. मागच्या रोटरचे ६९०, ५२०, ५३०. शेजारशेजारचे दोन कप्पे एकदम खाली. दोन कप्प्यांच्या मध्ये एकच टोक असतं, म्हणजे शंका त्या टोकाच्या पट्टीवरच जाते.

भावाने २,५०० सांगितले. विकणारा साडेपाच हजारांवर थांबला. भाऊ परत आला. दोन दिवसांनी ती गाडी दुसऱ्या कोणीतरी साडेपाचलाच नेली.

भाऊ माझ्यावर थोडा नाराज होता, खोटं कशाला सांगू. म्हणाला, "दादा, १८० डॉलर गेले आणि गाडीपण गेली. त्या माणसाला परवडली ना?" मी म्हटलं, असेलही परवडली. त्याच्याकडे गॅरेज असेल, किंवा त्यालाही कोणीतरी "बहुतेक काही नसेल" सांगितलं असेल. ते आपल्याला कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. तुझे ८,८२० डॉलर तुझ्याकडे आहेत. १८० ला तू एक उत्तर विकत घेतलंस. मला तेच उत्तर ५८,००० रुपयांना आणि एका हॉटेलला पडलं.

तो काही बोलला नाही. चार दिवसांनी त्याने कढईचा फोटो पाठवला, किती लिटरची घेऊ विचारत.

मंडळी, तुम्ही सध्या कोणती जुनी वस्तू बघताय? घेण्याआधी त्या वस्तूतली "पट्टी" कोणती, एवढं एक वाक्य वहीत लिहा. लिहिता येत नसेल, तर अजून घ्यायची वेळ आलेली नाही. पुढच्या व्हिडिओत जुनं डीप फ्रीझर प्रत्यक्ष उघडून दाखवतो, ते चालू करून चार तास थांबायची तयारी ठेवा.

भेटू. धंदा सांभाळा, भांडवल जपा.